डबा तापतोय

रविवार, ३ मे १९८७

कॉम्प्युटर परत बंद पडला! तीन-साडेतीन तास शहाण्यासारखा चालला आणि मग टीव्हीवर नुसते रंगीत पट्टे. एकही बटण ऐकेना. जयवंत बनियनवर उभा, कमरेवर हात. म्हणाला, "तापलाय." मी म्हटलं, "मीही तापलेय. आधी माझ्याकडे बघ."

सगळी आकडेमोड गेली. प्रोग्रॅम टेपवर आहे, पण मधलं गणित कुठेच साठत नाही. पुन्हा पहिल्यापासून. टेप लावली की ती चिरकी किंकाळी सुरू, आणि आतल्या खोलीतून आबा: "काय गो, मांजरा रडतत काय हेच्यात?"

मंगळवार, ५ मे

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

हा कॉम्प्युटर जयवंतने दिवाळीत घरी जुळवला. ट्रॉम्बेला दिवसभर यंत्रांत राहून याचं पोट भरत नाही. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणला, महिनाभर घरात सोल्डरचा धूर. कीबोर्ड शोकेसच्या फळीवर, पडदा म्हणून आमचाच टीव्ही, आणि वीज पुरवणारा लाकडी डबा खालच्या कप्प्यात. शोकेस कोपऱ्यात तिरकी उभी आहे, मागे रिकामी जागा. डब्याची भोकं मुद्दाम त्या बाजूला ठेवली, हवा खेळावी म्हणून. इतका विचार केला माणसाने! आबा, म्हणजे माझे सासरे, सगळ्याला मिळून 'डबो' म्हणतात. हल्ली आम्हीही तेच म्हणतो.

आता मालन. शाळेत गणिताला आम्ही दोघीच, ती आणि मी. तिला मार्चमध्ये मुलगी झाली. जूनमध्ये कामावर यायचंय आणि पोरगी बाटलीला तोंड लावायला तयार नाही. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. मधल्या सुट्टीच्या आधीचा चौथा तास आणि नंतरचा पाचवा, एवढे दोन मोकळे मिळाले तर घरी जाऊन, पाजून, झोपवून ती परत येऊ शकते. नाहीतर राजीनामा. नवऱ्याची कंपनी बंद आहे, तरी राजीनामा. "मी काय करू गं? उपाशी ठेवू तिला?" असं म्हणाली आणि माझ्याच पदराला नाक पुसलं.

शाळेचं वेळापत्रक श्यामसुंदर सर करतात. पर्यवेक्षक. बावीस वर्षं तेच करतायत, ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने. त्यांनी मालनला एका वाक्यात वाटेला लावलं: "बसत नाही. आणि एकीला दिलं की रांग लागेल." खडूस माणूस!

माझं टाळकं सरकलं. तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि बोलून बसले, की माझा कॉम्प्युटर बसवून दाखवेल. बाई थंडपणे म्हणाल्या, "सहा जूनपर्यंत आणा. बसलं तर मालनला तास. नाही बसलं तर सरांचंच वेळापत्रक."

बोलून बसले खरी. सगळ्या शक्यता चाळायला या महाराजांना नऊ तास तरी हवेत. आणि ते तीन तासांत मान टाकतात.

गुरुवार, ७ मे

टेबलफॅन लावला. तीन तास. पट्टे.

रविवार, १० मे

आज टीव्हीवरची सकाळची मालिका संपल्या संपल्या जयवंतने डबा बाहेर काढून टेबलावर मांडला. झाकण उघडलं, मीटर लावला, हुंगला, ठोकला. तासभर चालवला. ठणठणीत! आत ठेवला, जेवणं झाली, पुन्हा चालू केला. चारच्या सुमारास पट्टे.

"एप्रिलमध्ये असं होत नव्हतं," जयवंत म्हणाला. खरंच नव्हतं. एप्रिलमध्ये हा स्वतः सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्यावर विमानं पाडत बसला होता, तेव्हा कोणाला काही झालं नाही. मग ठरलं, की मे महिन्याचा उकाडा.

मी ओला टॉवेल पिळून डब्यावर टाकायला निघाले तर असा ओरडला! "करंट लागून मरशील." मरायचंच असेल तर वेळापत्रक झाल्यावर मरेन म्हटलं.

बुधवार, १३ मे

आबांची मात्र चंगळ चाललीय. सासूबाई मे महिन्यात गावीच असतात, तिथून आंब्याच्या पेट्या पाठवतात. आबा घरी पिकवून सोसायटीत विकतात. गिरणी बंद पडल्यापासून वर्षाचे हे दोन महिने ते पूर्वीसारखे चालतात, छाती काढून. बाकी वर्षभर नुसते गॅलरीत.

यंदा तर त्यांचं भलतंच नाव झालंय. आंबा चार दिवसांत तयार होतो, देठापासून टोकापर्यंत एकसारखा पिवळा. वरचे जयंतीभाई आज दारात येऊन म्हणाले, "लवूभाई, काय जादू करता? माझी बायको दुसऱ्या कोणाचा आंबा घेऊ देत नाय."

आबा हसले फक्त. मी विचारलं तर म्हणाले, "अढी कोणाक दाखवूची नसता." आतल्या खोलीत पलंगाखाली पेंढा आहे, त्यात आंबे आहेत, रोज दिसतात. त्यात दाखवायचं न दाखवायचं काय? पण बरं. म्हाताऱ्याचा मान.

शनिवार, १६ मे

प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पिशवी डब्यावर. जयवंत कामावर होता म्हणून जमलं. साडेचार तास चालला! मला वाटलं जिंकले. मग बर्फाचं पाणी झालं, पिशवी एका बाजूला कलली आणि तेवढ्यात पट्टे.

पाणी डब्यात गेलं नाही. हे जयवंतला सांगणार नाही.

सोमवार, १८ मे

मालन येऊन गेली. पोरगी कडेवर. काय गोड झालीय! केस उभे, डोळे सगळीकडे. टेपची किंकाळी ऐकून रडेल म्हटलं तर खुदकन हसली. तिला एकटीलाच ते संगीत आवडतं.

मालन म्हणाली, "झालं का गं?" मी म्हटलं, "होतंय." जाताना दारात म्हणाली, "नाही झालं तरी चालेल हं उत्तरा. तू इतकं केलंस." म्हणजे तिने आशा सोडलीय. मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना. डब्याला लाथ घालणार होते. पायात चप्पल नव्हती म्हणून वाचला.

गुरुवार, २१ मे

जयवंतचं अंतिम मत: ट्रान्सफॉर्मरच गेलाय, नव्याने गुंडाळून घ्यावा लागेल. घाटकोपरला करणारा एकजण आहे, पण तो म्हणतो तीन आठवडे. तीन आठवड्यांनी सहा जून उलटून गेलेली असेल. वाट लागली.

शनिवार, २३ मे

हसून हसून पोट दुखतंय. क्रमाने लिहिते.

जयवंत कामावर, आबा टोपली घेऊन सोसायटीत. मी ठरवलं की डबा स्वतःच त्या माणसाकडे न्यावा, त्याच्या हातापाया पडावं. वाऱ्याने देवनारच्या कचऱ्याचा वास आणला होता, खिडक्या सगळ्या बंद, तरी घरात आंबाच घमघमत होता. गेले तीन आठवडे घरभर हाच वास, त्यामुळे तो नेमका कुठून येतो हे कोणी विचारलंच नाही!

कप्प्यासमोर बसकण मारून डबा पुढे ओढला. वायर मागे अडकली. हात घातला तर गोणपाट. गोणपाट ओढलं तर पेंढा. पेंढ्यात हात घातला तर… आंबे! तीन-चार डझन हापूस, देठ खाली, ओळीने, शिस्तीत. डब्याच्या भोकांना अगदी टेकून. वरून पेंढा, त्यावर गोणपाट दुहेरी. शोकेसच्या मागची सगळी जागा भरलेली. आंबे असे कोमट, की गालाला लावावेत.

जयवंतने हवा खेळायला ठेवलेल्या जागेत सासऱ्यांनी अढी घातली होती. माझा कॉम्प्युटर पंधरा-वीस दिवस आंबे पिकवत होता!

आधी भयंकर चिडले. आबांना काय काय बोलायचं ते मनात जुळवलं. मग एक आंबा हातात होता, तो तिथेच जमिनीवर बसून खाल्ला. जयंतीभाईंची बायको बरोबर आहे. यार, काय आंबा होता!

आबा आले तेव्हा मी अजून तिथेच, कोपरापर्यंत रस. त्यांनी बाहेर आलेला डबा पाहिला, गोणपाट पाहिलं. टोपली खाली ठेवली. थोडा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार दिसात पिकतत गो. नुसत्या पेंढ्यात धा दिस लागतत. तुजो डबो असोच तापता, ती ऊब फुकट जाता… माका काय ठावक, त्येचो जीव गुदमारता म्हणान?"

मालनचं सगळं सांगितलं. मुलीचं, दुधाचं, सहा जूनचं. मग आबा स्वतः मांडी घालून बसले आणि एकेक आंबा काढून टोपलीत ठेवला, जसा कोणी निजलेल्याला उचलतं तसा. शेवटी पेंढ्याची काडी न् काडी वेचली. म्हणाले, "पोराच्या दुदापुढे हापूसाचा काय."

संध्याकाळी जयवंतला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "डबा काढायचो तेव्हा मागे गोणपाट दिसायचं मला. वाटलं, आईने धुळीसाठी लावलंय." ट्रॉम्बेचा तंत्रज्ञ!

सोमवार, २५ मे

झकास! सकाळी टेप लावली, टीव्हीही तापू नये म्हणून त्याची वायर काढून ठेवली, कामाला लागले. दर तासाने डब्यावर हात. कोमट, बस. आबा शोकेससमोर खुर्ची टाकून राखण करत होते. धुणंवाली कप्प्यापाशी वाकली तर तिलाही हटकलं. पाच तास झाले, सहा, सात. एकदाही तापला नाही.

संध्याकाळी वायर जोडली. पडदा उजळला. खाली एक ओळ: NO SOLUTION.

बसत नाही. श्यामसुंदर सर म्हणाले तेच, इंग्रजीत.

मंगळवार, २६ मे

रडले. एकदाच. जयवंतने चहा केला, साखर विसरला, मी तसाच प्यायले.

शुक्रवार, २९ मे

रोज एकेकाची मागणी काढून बघतेय. पी.टी.च्या सरांना पहिला तास नको, ती काढली. नाही बसत. चित्रकलेच्या बाईंना जोडतास हवेत, ते काढले. नाही. डबा बिचारा दिवसभर राबतो आणि संध्याकाळी नाही म्हणतो. आबांचे आंबे आता दहा दिवस घेतायत. जयंतीभाई तक्रार करून गेले, "लवूभाई, जादू संपली काय?" आबांनी सगळा दोष हवेवर ढकलला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवार, ३१ मे

आज कोण यावं? श्यामसुंदर सर! पांढरा शर्ट, छत्री, बगलेत ड्रॉइंग पेपरची गुंडाळी. "मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचं चाललंय. म्हटलं, यंत्र बघावं."

चालतं की नाही ते बघायलाच आले असणार, असं मला वाटलं. बसवलं. आबांनी विचारलंही नाही, आंबा कापून पुढे ठेवला. सरांनी तो इतका नीट खाल्ला की शर्टावर एक थेंब नाही. बाठाही सोडला नाही. मग हात धुऊन टीव्हीसमोर बसले, चष्मा वर केला आणि माझी सगळी यादी पडद्यावर वाचायला लागले. एकेक ओळ, पेन्सिलीचं टोक काचेवर धरून. मला शाळेतल्या तपासणीसारखं वाटायला लागलं.

एका ओळीवर पेन्सिल थांबली.

"हे यू. एस. कोण? पाचवा तास कधीच नको म्हणणारे?"

मी म्हटलं, "मी. उत्तरा सावंत."

"का नको?"

पाचव्या तासाला मी स्टाफरूममध्ये चहा घेते, बस. आठ वर्षं घेतेय. यादी टाईप करताना ते मी मागणी म्हणून टाकलंच नव्हतं! रविवारी सुट्टी असते तसं टाकलं होतं.

सर म्हणाले, "पहिल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, जेवणानंतर लगेच उभं राहिलं की चक्कर येते. तेव्हापासून ठेवतो मोकळा."

मी ते कधीच विसरले होते. चक्करही थांबून सात वर्षं झाली.

"गणिताच्या दोघी," सर पेन्सिलीने हवेत दोन रेघा मारत म्हणाले, "दोघीही पाचव्या तासाला मोकळ्या, तर सगळ्या वर्गांचं गणित उरलेल्या तासांत कसं मावणार? म्हणून बसत नाही. मी हेच सांगत होतो."

"मग माझाच काढून का नाही टाकलात, सर?" माझा आवाज जरा चढलाच.

"एकदा दिलेलं मी काढून घेत नाही. तुम्ही स्वतः सोडत असाल तर गोष्ट वेगळी."

आबा दारात उभे. जयवंत भिंतीकडे बघत हसू दाबत होता, ते मला दिसलं. मी महिनाभर डब्याला शिव्या घातल्या, आबांवर मनातल्या मनात चिडले, सरांना खडूस म्हटलं, आणि मालनच्या पोरीचं दूध माझ्या चहाने अडवलं होतं. तोंड लालबुंद झालं असणार. ओळ खोडली. चालू केला. सर म्हणाले, मी थांबतो.

तासभरही लागला नाही. पडद्यावर चौकटी भरत गेल्या. मालन: चौथा मोकळा, पाचवा मोकळा, सोमवार ते शुक्रवार. सरांनी आपली गुंडाळी उघडली आणि एकेक तास ताडून पाहिला. सगळे ताडून झाल्यावर पेन्सिल खिशात ठेवली. "बसलं," म्हणाले.

आबांनी आणखी एक आंबा कापला.

सोमवार, १ जून

मालनकडे गेले. कागद दाखवला. ती वाचत राहिली, मग पोरगी माझ्या मांडीवर देऊन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. पोरीने माझ्या साडीवर शू केली. जिंकलेली साडी. धुणार नाही म्हणत होते, पण धुतली.

शनिवार, ६ जून

मोठ्या बाईंनी सही केली. एक शब्द जास्त नाही, पण सही करून पेनाचं टोपण लावताना हसल्या. घरी येऊन आबांना सांगितलं, की आता डब्यामागे शेवटच्या पेटीची अढी घाला, मला तो लागत नाही. जयवंत म्हणाला, "भोकांपासून वीतभर लांब." आबांनी वीत टाकून मोजली.

सोमवार, १५ जून

शाळा सुरू. चौथ्या तासाची घंटा झाली आणि मालन छत्री उघडून फाटकाबाहेर पडली. स्टाफरूमच्या खिडकीत आम्ही सगळ्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिने मागे वळून दटावलं आणि गल्लीत पळाली.

पाचवा तास मी आठवी ब वर घेतला. चक्कर आली नाही. चहाची आठवण आली, जोरात. पण मजा आली.

बुधवार, १७ जून

शाळा सुटल्यावर सर गणिताच्या कपाटापाशी आले. इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "तुमच्या यंत्रात बघा, बसतं का. चौथा तास, मधल्या सुट्टीला लागून. माझा. मी कधी घेतला नाही, बरं दिसत नाही. घरी हिला आता डोळ्यांनी दिसत नाही. पानावर बसते आणि मी येईपर्यंत हात लावत नाही. रात्र होते कधीकधी." मग घाईने म्हणाले, "रोज नको. आठवड्यातून दोन दिवस बसलं तरी पुष्कळ."

घरी येऊन टेप लावली. मी पाचही दिवस टाकले.